सोडून दिलेला मासा

अमेरिकेच्या उत्तरेकडची मिनेसोटा, विस्कॉन्सिन ही राज्यं आणि सीमेपलीकडचा कॅनडाचा ओंटारिओ प्रांत म्हणजे तळ्यांचा मुलूख. तिथला बर्फ एप्रिलअखेर, कधी मे उजाडल्यावर वितळतो. मिनेसोटात मेच्या मध्यावर एका शनिवारी वॉलआय माशाचा हंगाम उघडतो, तेव्हा वातावरण सणासारखं असतं. राज्याचा गव्हर्नरसुद्धा त्या दिवशी गळ टाकायला जातो. ही प्रथा १९४८ पासूनची. आपल्या कोकणात ज्याला गरवणं म्हणतात तेच हे, फक्त होडीला मोटर आणि खिशात परवाना.

माझा भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. गेल्या जूनमध्ये त्यानं हातात एक तांबूस-हिरवट, आडव्या नाही तर उभ्या पट्ट्यांचा मासा धरलेला फोटो पाठवला. स्मॉलमाउथ बास. खाली लिहिलं होतं, "मामू, खाल्ला नाही, लगेच सोडून दिला. सवाबच झाला म्हणायचा!" त्यानं गमतीत लिहिलं होतं. पण तिकडचे हजारो लोक हेच गंभीरपणे मानतात: मासा मारून खाणारा तो मागासलेला, पकडून सोडणारा तो सुसंस्कृत. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायला आधी दोन माशांमधला फरक सांगावा लागेल.

वॉलआयच्या डोळ्यांत प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं. म्हणून तो संध्याकाळी, पहाटे किंवा वाऱ्यानं पाणी खळबळलं की गळाला लागतो. बर्फ जाताच तो उथळ, खडकाळ तळावर अंडी पसरून टाकतो आणि निघून जातो. घरटं नाही, राखण नाही. हंगाम उघडेपर्यंत त्याची वीण बहुतेक उरकलेली असते. मांस पांढरं, चवीला सौम्य. तळ्याकाठीच चूल मांडून तळून खायची तिकडे जुनी रीत आहे.

स्मॉलमाउथचं तसं नाही. पाणी पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की, म्हणजे मेअखेर किंवा जूनमध्ये, नर शेपटीनं तळाची वाळू-खडी झाडून परातीएवढा खळगा करतो. मादी अंडी घालून जाते. पुढचं सगळं नराकडे. अंडी फुटेपर्यंत आणि नंतर काळी इवली पिल्लं पांगेपर्यंत, असे कित्येक दिवस तो तिथून हलत नाही. या काळात तो जवळजवळ खातच नाही. जे जवळ येईल त्यावर तुटून पडतो. उत्तरेच्या नितळ पाण्यात हे खळगे होडीतून उघड दिसतात. त्यात नकली आमिष टाकलं की नर ते तोंडात धरणारच. भुकेनं नव्हे, पोरांच्या काळजीनं.

वर्षातला सर्वांत सोपा मासा हाच. आणि तो होडीत, फोटोसाठी हातात असतो तेवढ्या वेळात पर्च आणि सनफिश घरट्यावर उतरतात. अंडी संपायला फार वेळ लागत नाही. थकलेला नर परतला, तरी उरलेलं थोडं पाहून कधी कधी घरटं सोडून देतो. अशानं तळ्यातले एकूण बास कमी होतात का, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, आणि पुष्कळ तळ्यांत बास भरपूर आहेत हेही खरं. माझा आक्षेप संख्येचा नाहीच.

आपल्याकडे मासा हलाल आहे, त्याला जबह करावं लागत नाही, एहराममध्येसुद्धा पाण्यातली शिकार जायज आहे. त्यामुळे मासे पकडण्याबद्दल मुसलमानाला काही विचारायचं नसतं असं आपण धरून चालतो. पण ती मुभा खाण्यासाठी आहे. एका हदीसमध्ये प्रवासातले सहाबी एका लहान पक्षिणीची दोन पिल्लं उचलतात, ती वर फडफडत राहते, आणि पैगंबर विचारतात की हिला पिल्लांपायी कुणी दुखावलं. पिल्लं परत ठेवायला लावतात. पक्षी हलाल की हराम हा तिथं प्रश्नच नव्हता.

कायद्याचं पाहा. दक्षिण ओंटारिओत जूनचा बराचसा काळ बासचा हंगाम बंद असतो आणि त्या काळात पकडून सोडण्यासाठीही त्याच्यामागे लागायला मनाई आहे. पण काही जण घरट्यांवरच गळ टाकतात आणि हटकलं तर म्हणतात, आम्ही पाइक माशासाठी आलोय. मला कुरआनातली शनिवारवाल्यांची गोष्ट आठवते. शनिवारी मासेमारी बंद, आणि मासे नेमके शनिवारी किनाऱ्याशी वर येत. भाष्यकार सांगतात की लोकांनी आधी जाळी लावून ठेवायची आणि रविवारी ओढायची अशी शक्कल काढली. हुकूम शब्दशः पाळला, अर्थ बुडवला. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात तर शक्कलही काढावी लागत नाही: जूनच्या मध्यापर्यंत स्मॉलमाउथ घरी न्यायला बंदी, पकडून सोडायला मोकळीक.

सोडलेला मासा जगतोच असंही नाही. मिनेसोटातल्या मिल लॅक्स या मोठ्या तळ्यावर वॉलआय घटले तेव्हा २०१६ मध्ये ते ठेवून घ्यायला मनाई झाली, सोडायच्या अटीवर गळ टाकायला परवानगी राहिली. २०१७ च्या जुलैत तीही काही आठवडे थांबवावी लागली. कोमट पाण्यात गळाला लागून सोडलेले मासे जास्त मरतात, आणि हे मेलेले मासे राज्याच्या वाट्यातून वजा धरले जातात. फोटोत मात्र सगळे जिवंतच दिसतात.

याच तळ्यांवर ओजिब्वे लोक पिढ्यान् पिढ्या वसंतात रात्री उजेड धरून भाल्यानं वॉलआय मारत आले. लॅक दु फ्लँबो या गावाचं फ्रेंच नावच त्या मशालींवरून पडलं. १८३७ आणि १८४२ च्या करारांत त्यांनी जमीन दिली, मासेमारीचा हक्क राखला. १९८३ मध्ये न्यायालयानं तो मान्य केला, आणि पुढची काही वर्षं विस्कॉन्सिनच्या धक्क्यांवर दर वसंतात जमाव जमू लागला. दगड, वांशिक शिव्या, आणि तोंडी भाषा माशांच्या रक्षणाची: विणीच्या वेळी मासे मारतात, रानटी आहेत. प्रत्यक्षात धक्क्यावर एकेक मासा मोजला जात होता, त्यातले बहुतेक नर होते, आणि वॉलआयला राखायला घरटं नसतंच. १९९१ चा सरकार आणि जमातींचा संयुक्त अहवाल म्हणाला की भाल्यामुळे माशांचं नुकसान झालेलं नाही. मिल लॅक्सच्या ओजिब्वेंचा हक्क १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी कायम केला.

बकरी ईदच्या आठवड्यात अचानक जागी होणारी भूतदया ओळखीची असल्यामुळे असेल, मला तो जमाव परका वाटला नाही. खाण्यासाठी मासा मारणाऱ्यावर दगड, आणि जूनमध्ये राखणीवरच्या बापाला मौजेसाठी उचलणाऱ्याला खिलाडू म्हणायचं! आपणही चढणीचे मासे पहिल्या पावसात गाभोळीसकट धरतो. त्यावरही बोलायला हवं, पण निदान ते ताटात जातात.

भाच्याला मी लिहिलं की वॉलआय धर, परवान्यात बसतील तेवढेच ठेव, घरी आणून खा, शेजाऱ्यालाही दे. बासचं घरटं दिसलं तर होडी पुढे ने. जुलैत पिल्लं पांगतात, नर खोल खडकांकडे सरकतो आणि पुन्हा भुकेसाठी खायला लागतो. तेव्हा तो गळावर तितकाच झुंजतो, फक्त शोधायला कष्ट पडतात.