हार्वेलची कबुली

अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसाठी १९५५ साली जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी, येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा माणसाच्या काबूत येईल, असे भाकीत केले होते. सत्तर वर्षे उलटली. त्या ऊर्जेवर एकही घर उजळलेले नाही. तेव्हा हा सारा खटाटोप म्हणजे सार्वजनिक पैशाची उधळपट्टी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आम्हांला तो मान्य नाही.

इंग्लंडमधील हार्वेल येथे १९५७ साली ‘झीटा’ हे यंत्र सुरू झाले. तप्त वायूतून प्रचंड विद्युत्प्रवाह सोडला की त्या प्रवाहाचेच चुंबकीय क्षेत्र वायूला चोहोबाजूंनी आवळते. यालाच ‘पिंच’ म्हणतात. जानेवारी १९५८ मध्ये संमीलन बहुधा साधल्याचे जाहीर झाले आणि वृत्तपत्रांनी जयघोष केला. परंतु हार्वेलच्याच बेसिल रोझ यांनी दाखवून दिले की, बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा दिशेनुसार बदलते. म्हणजे ते उष्णतेतून नव्हे, तर प्रवाहाच्या अस्थिरतेने वेग घेतलेल्या कणांमुळे निर्माण झाले होते. काही महिन्यांतच दावा जाहीरपणे मागे घेण्यात आला.

ही नामुष्की वाया गेली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत या संशोधनावरील गुप्ततेचा पडदा दूर झाला. पुढे झीटावर विकसित झालेली लेझर-तापमापनाची पद्धत घेऊन ब्रिटिश शास्त्रज्ञ १९६९ साली मॉस्कोला गेले आणि रशियन ‘टोकामाक’चा दावा त्यांनीच खरा ठरवला, तोही शीतयुद्धाच्या काळात! अपयशावरचे हे व्याज कोणत्या ताळेबंदात मांडावयाचे?

आज चित्र वेगळे आहे. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेचे ‘झेड’ यंत्र सुमारे अडीच कोटी अँपिअरचा प्रवाह सोडते. त्यात द्रव्य इतके दाटते की कणांमधील विद्युत्-बल त्यांच्या उष्णताजन्य धावपळीला भारी पडू लागते. या स्थितीच्या अभ्यासातून गुरूसारख्या ग्रहाचा गाभा उमगतो, तसाच बॉम्बचाही. आणि यंत्राचा मुख्य खर्च अण्वस्त्रसाठ्याच्या देखभालीच्या खात्यातून होतो. दुसरीकडे, झेड-पिंचमध्ये खासगी भांडवलही उतरले आहे.

लष्कराला गुपित हवे असते, भांडवलाला मक्तेदारी. हार्वेलची चूक सुधारली, कारण ती तपासावयास मोकळी होती. म्हणून ‘वीज केव्हा मिळणार?’ याआधी ‘मोजमाप कोणाला पाहता येणार?’ हा प्रश्न विचारला पाहिजे. जनतेच्या पैशातून झालेली मोजणी जनतेसमोर उघडी राहिली पाहिजे. मग ती यशाची असो वा अपयशाची.