बाटली दाखवली, बाटलीवरचे नाव कोण वाचणार?



गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावी 'विषमुक्त कापूस' या विषयावर एक कार्यशाळा झाली. शहरातून आलेल्या एका साहेबांनी पिशवीतून फ्रान्सच्या लाल वाइनची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. समोर निम्मे माळकरी. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी तर तोंडच फिरवले. साहेब म्हणाले, "ही ज्याने बनवली तो तुमच्यासारखाच लहान शेतकरी आहे. रसायनाचा एक थेंब वापरत नाही. बाटली जाते तीन हजाराला. तुम्ही रसायन सोडा, भाव आपोआप मागे येईल." मग चहा झाला आणि चहासोबत एक छापील करारनामा वाटला गेला. तीन वर्षे आपण रसायन वापरायचे नाही आणि माल त्यांनाच घालायचा. त्यांनी काय करायचे, ते मात्र कागदावर सापडले नाही.

पिणाऱ्याने प्यावी, न पिणाऱ्याने पिऊ नये. तो आमचा विषय नाही. पण बाटली आमच्यासमोर पुरावा म्हणून ठेवली गेली आहे. पुरावा तपासायचा असतो.

पहिली गोष्ट, 'रसायनाचा एक थेंब नाही' हे खोटे आहे. द्राक्षाचा वेल काय आणि आपली कपाशी काय, रोगराई दोघांनाही चुकत नाही. फ्रान्समधला सेंद्रिय द्राक्षवाला गंधक आणि मोरचूद वापरतो. मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण आपणही वापरतो. त्याचे नावच फ्रान्समधल्या बोर्डो गावावरून पडले. १८८०च्या दशकात तिथल्या मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाने केवड्यावर ते पुढे आणले. युरोपात २०१९ पासून तांब्याला मर्यादा घातली गेली: ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो. मर्यादा घालावी लागली, याचा अर्थ वापर होतो. आम्ही शेतकीची पदवी घेतली, फवारणीचे वेळापत्रक तोंडपाठ करून परीक्षा दिली आणि पुढे तेच वेळापत्रक गावोगाव सांगत हिंडलो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा आपण काय शिकलो आणि काय शिकवले याची लाज वाटली. तेव्हा विषाची वकिली आम्ही करणार नाही. पण खोट्याचीही करणार नाही.

आता ती बाटली. 'नैसर्गिक वाइन' म्हणतात ती चळवळ बोजोले भागात वाढली. मोर्गाँ या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या विलिए-मोर्गाँ गावचा मार्सेल लापिएर १९७३ साली घरची बाग सांभाळू लागला. सुरुवातीला तोही सगळे करतात तसेच करी. पुढे १९८०च्या सुमारास ज्यूल शोव्हे या माणसाशी गाठ पडली. शोव्हे वाइनचा व्यापारीही होता आणि रसायनशास्त्राचा पक्का जाणकारही. रसायन नको असे सांगणारा माणूस रसायनशास्त्रात मुरलेला होता, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रवचनकारांनी जरा मनावर घ्यावी.

त्यांची रीत अशी. गामे जातीची काळी द्राक्षे हाताने तोडायची. कुजका, फुटका मणी निवडून टाकायचा. घड न चिरडता आख्खाच टाकीत घालायचा. बाहेरचे विकतचे किण्व घालायचे नाही. सालीवर आणि तळघरात जे असते त्यानेच रस आंबवायचा. साखर घालायची नाही. टिकण्यासाठी गंधकाचा वायू द्यायचा नाही, दिलाच तर अगदी थोडा. ऐकायला सोपे वाटते. पण गंधक नसले की एक कुजका घड सगळी टाकी नासवतो. म्हणून निवडणीला माणसे जास्त लागतात, टाकी थंड ठेवावी लागते आणि रसात कोणते जंतू वाढताहेत ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. यात 'सोडून द्या, निसर्ग पाहून घेईल' असले काही नाही. औषधाच्या जागी मजुरी येते, डोळा येतो आणि नुकसानीची जोखीम येते. ही मजुरी बाटलीच्या किमतीत धरलेली असते. आमच्या कापसाच्या भावात कोण धरतो?

लापिएरचे आणखी एक आम्हाला आवडले. त्याने दोन तऱ्हेच्या बाटल्या भरल्या. एक बिनगंधकाची आणि एक थोड्या गंधकाची, ज्याला थंड जागा नाही किंवा माल लांब न्यायचा आहे त्याच्यासाठी. बाटलीवर तशी खूण. गिऱ्हाइकाला खरे सांगितले आणि निवड त्याच्यावर सोडली. २०१० साली तो गेला. घरची माणसे बाग चालवतात, नाव तेच आहे.

आणि सगळी मेख इथे आहे. बाटलीवर नाव त्याचे आहे. द्राक्ष त्याचे, टाकी त्याची, तळघर त्याचे, बाटली त्याची. तो द्राक्ष विकतच नाही. द्राक्षाचे काय करायचे हे दुसऱ्या कुणाला ठरवू देत नाही. उलट ज्यांनी नुसते द्राक्ष पिकवले किंवा व्यापाऱ्याला सुटी वाइन दिली, त्यांचे हाल साहेबांनी सांगितले नाहीत. २०२३ साली फ्रान्समध्ये वाइन इतकी उरली की ती गाळून औद्योगिक मद्यार्क करण्यासाठी २० कोटी युरो जाहीर करावे लागले. बोर्डो भागात ९,५०० हेक्टर वेली उपटण्याची योजना निघाली. हेक्टरी ६,००० युरो घ्या आणि बाग मोडा. तोच देश, तीच वाइन. एकाची बाटली तीन हजाराला आणि दुसऱ्याच्या वेलीवर कुऱ्हाड. फरक फक्त फवारणीचा असेल का?

'नैसर्गिक वाइन' हा शब्दही शौकिनांनी शोधलेला नाही. १९०० नंतर दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षाचा भाव कोसळला. पाणी आणि साखर मिसळून बनावट वाइन बाजारात ओतली जात होती. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षाचा आंबवलेला रस, दुसरे काही नाही, असा कायदा १८८९ साली झाला होता. पण कायदा कागदावर. ११ मार्च १९०७ला आर्जलिए गावातून ८७ माणसे निघाली. पुढारी कोण, तर मार्सलँ आल्बेर, थोडी बाग आणि गावात एक कॉफीचे दुकान असलेला माणूस. दर रविवारी सभा वाढत गेली. ९ जूनला माँपेलिएला पाच लाखांवर माणूस जमला. 'नैसर्गिक वाइन चिरायू होवो' हीच त्यांची घोषणा होती. गावच्या पंचायतींनी राजीनामे दिले, करबंदी पुकारली. क्लेमाँसोच्या सरकारने लष्कर धाडले. नार्बोनला गोळीबार झाला, माणसे मेली. सतराव्या पलटणीतली पोरे त्याच मुलखातली होती, त्यांनी बंड केले. २९ जूनला सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

ध्यानात घ्या, 'नैसर्गिक' हा शब्द शेतकऱ्याने व्यापाऱ्याच्या भेसळीविरुद्ध उगारला होता. आज तोच शब्द फिरवून शेतकऱ्यावर रोखला जातो. तू शुद्ध हो, तू सिद्ध कर, तू कागद आण! वाइनच्या कारखान्यांनी मात्र त्यात काय काय घातले हे लेबलवर सांगायची सक्ती युरोपात ८ डिसेंबर २०२३ पासून आली, तीही त्यानंतर बनलेल्या वाइनपुरती.

असल्या माणसाला सरकारही सुखाने जगू देत नाही. बर्गंडीतला एमान्युएल जिबुलो साधारण १० हेक्टरचा सेंद्रिय बागाईतदार. २०१३ साली तिथे वेल पिवळी पाडणारा एक रोग आला, तो तुडतुडा पसरवतो. प्रशासनाने हुकूम काढला, सगळ्या जिल्ह्याने कीटकनाशक मारावे. जिबुलो म्हणाला, माझ्या बागेत रोग नाही, मी मारणार नाही. त्याच्यावर खटला झाला. ६ महिने कैद आणि ३० हजार युरो दंड होऊ शकत होता. एप्रिल २०१४मध्ये १,००० युरो दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित. त्याच वर्षी डिसेंबरात अपिलात तो सुटला. हुकूमच नियमाला धरून काढलेला नव्हता. आमचे मत विचाराल तर रोग उंबरठ्यावर असताना शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो, आणि प्रत्येकाने जिबुलो व्हावे असे आम्ही म्हणणार नाही. पण माझ्या शेतात काय मारायचे ते मी ठरवीन, हे त्याचे म्हणणे त्या करारनाम्याच्या नेमके उलटे आहे.

कापसाची वाइन होत नाही, हे आम्हालाही कळते. द्राक्षाची टाकी घरच्या तळघरात बसते. जिनिंग कुणाच्या ओसरीवर बसत नाही. एक क्विंटल कापसातून ३३-३५ किलो रुई निघते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. जिनिंगच्या आवारात तुमची गाडी खाली झाली की तुमचा कापूस गंजीत मिसळला आणि तुमचे नाव तिथेच संपले. शुद्ध पिकवा, अशुद्ध पिकवा, गठाणीवर नाव दुसऱ्याचे. मागे आमच्या भागात एका कंपनीने असाच गट केला होता. दोन वर्षे लोकांनी उत्पादनातली घट सोसली. प्रमाणपत्र आले ते कंपनीच्या नावाने. कंपनी गेली, प्रमाणपत्रही तिच्यासोबत गेले, आणि तोच कापूस साध्या भावात विकावा लागला. शुद्धता शेतातली, कागद कंपनीच्या कपाटात.

रसायन कमी करायला आमची ना नाही. कपाशीत ज्वारी-तुरीचे पाटे घाला, मित्रकिडी ओळखा, पाठीवरचा पंप जितका कमी चढेल तितके बरे. ते आपल्या हिशेबाने, आपल्या जिवासाठी करू. साहेबांच्या करारावर सही करायची तर अगोदर तीन गोष्टी कागदावर याव्यात. प्रमाणपत्र शेतकऱ्यांच्या गटाच्या नावाने. पहिल्या वर्षांतली घट खरेदीदार किती सोसणार, तो आकडा. आणि त्या दिवशीच्या बाजारभावावर किती जादा, तो आकडा. 'योग्य भाव' हा शब्द चालणार नाही. तो आपण जन्मभर ऐकला आहे.

जिल्हा बैठकीत हा विषय दुपारच्या सत्रात घेतला आहे. ज्यांना तो करारनामा मिळाला त्यांनी सही न करता प्रत सोबत आणावी. ज्यांनी सही केली आहे त्यांनीही आणावी, लाजू नये. कलमे एकेक करून मोठ्याने वाचू.