काचेपलीकडचा नवरा

हेरकथा आणि विनोद यांचे सहसा जमत नाही. हेराला गांभीर्याचा आव आणावा लागतो आणि तो आव उतरवणे हेच विनोदाचे काम. या दोघांना एकत्र नांदवण्याचा मोठा प्रयत्न जेम्स कॅमेरून या दिग्दर्शकाने १९९४ साली ‘ट्रू लाइज’ या अमेरिकन चित्रपटात केला. मूळ कथा फ्रेंच. क्लोद झिदी यांच्या १९९१ सालच्या चित्रपटावरून घेतलेली. परवा सुटीत आम्ही उभयतांनी तो घरी पुन्हा पाहिला.

हॅरी टास्कर हा सरकारी हेर. पत्नी हेलन मात्र त्याला संगणक विकणारा एक कंटाळवाणा गृहस्थ समजते. तिच्या आयुष्यात सायमन नावाचा एक मनुष्य येतो. तो जुन्या मोटारी विकतो, पण आपण हेर असल्याची बतावणी करून तिला भुलवू पाहतो. खरा हेर विक्रेता म्हणून वावरतो आणि खरा विक्रेता हेर म्हणून मिरवतो! एवढी सुबक कल्पना या प्रकारच्या चित्रपटांत क्वचितच आढळते.

प्रारंभीचा पाठलागही असाच रंगतदार आहे. खलपुरुष मोटारसायकलवर आणि हॅरी घोड्यावर. दोघे हॉटेलातून धावत, लिफ्टमधून थेट गच्चीवर पोहोचतात. ऐन उडीच्या वेळी घोडा कठड्याशी थबकतो आणि हॅरी त्यालाच रागावतो. आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या बलदंड देहाची अशी थट्टा करण्यात दिग्दर्शकाची जाण दिसते. तथापि चित्रपट खऱ्या अर्थाने तोलून धरला आहे तो हेलनच्या भूमिकेतील जेमी ली कर्टिसने. भित्री, दबलेली गृहिणी हळूहळू ताठ उभी राहते, हे तिने हसवता हसवता दाखवले. त्या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच.

आता दोष. खलनायक अझीझ हा केवळ ओरडणारा, धमकावणारा दहशतवादी आहे. त्याला मन असे दिलेलेच नाही. आर्ट मलिक हा पाकिस्तानात जन्मलेला ब्रिटिश नट. १९८४ सालच्या ‘द ज्युएल इन द क्राऊन’ या मालिकेतील त्याचा हरी कुमार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही नासाडी विशेष बोचेल. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेतील अरब समाजाने या चित्रणाचा निषेध केला होता, तो अकारण नव्हता. शिवाय अखेरीस पूल उडतात, विमाने घोंघावतात आणि सव्वादोन तासांहून लांबलेला चित्रपट आपल्याच गडगडाटात हरवतो.

पण माझ्या मते खरा दोष याहून खोल आहे. संशयाने पछाडलेला हॅरी सरकारी माणसे आणि यंत्रे स्वतःच्या बायकोमागे लावतो. तिला पकडून आणतो आणि काचेपलीकडे अंधारात बसून, आवाज बदलून तिची उलटतपासणी घेतो. आयुष्यात एकदा तरी काहीतरी धाडसाचे करावेसे वाटले, असे ती रडवेली होऊन सांगते. चित्रपटातील हा सर्वांत खरा क्षण. येथे हॅरीने काचेआडून बाहेर यायला हवे होते. तो येत नाही. उलट तिला खोट्या कामगिरीवर धाडतो आणि स्वतः अंधाऱ्या खोलीत बसून तिचे नृत्य पाहतो. पुढे तो खरे बोलतो, तेही शत्रूने टोचलेल्या औषधामुळे. स्वतःच्या धैर्याने नव्हे.

चित्रपट संपल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, तिने त्याला माफ केव्हा केले? ते दाखवलेच नाही.”

मला उत्तर सुचले नाही. पहिल्या बदलीचा हुकूम मी आठ दिवस खिशात लपवून ठेवला होता, तो प्रसंग मात्र आठवला. तिला उगाच काळजी नको, असे मी मनाशी म्हणत होतो. सदरा धुताना कागद तिला दुसऱ्याच दिवशी सापडला होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. उरलेले सहा दिवस मी केव्हा बोलतो याची ती वाट पाहत होती.

वाचकांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. घोड्याला मनमुराद हसावे. फक्त काचेच्या त्या प्रसंगी जोडीदाराच्या चेहऱ्याकडेही एकदा पाहावे.