पसंती मुलांची, कुलूप सीईटी कक्षाचे

अभियांत्रिकी प्रवेशांसाठी 2025 मध्ये चौथी फेरी मिळाली, म्हणून पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण राज्य सीईटी कक्षाने एका हाताने फेरी दिली आणि दुसऱ्या हाताने निवड काढून घेतली. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, हे जुनेच. आता दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही जागा वाट्याला आली, तरी ‘ऑटो-फ्रीज’, म्हणजे ती आपोआप पक्की. ती नाकारली तर पुढच्या केंद्रीय फेऱ्यांची दारे बंद. आपल्याला काय हवे ते मुलांनी क्रमाने सांगावे, यासाठी पसंतीक्रमाचा अर्ज असतो. त्याच अर्जाने त्यांना अडकवायचे, असा हा निर्णय आहे आणि तो मागे घेतला गेला पाहिजे.

तिसरी पसंती ही तिसरीच असते. सांगलीच्या एखाद्या मुलीला वालचंदमध्ये कॉम्प्युटर हवे आहे, ते नाही तर पुण्यात, तेही नाही तर कोल्हापुरात. दुसऱ्या फेरीत तिला कोल्हापूर मिळाले. पुढच्या आठवड्यात कुणी एनआयटीला गेले, कुणी मेडिकलकडे वळले आणि वालचंदची जागा मोकळी झाली. पण ही मुलगी तोवर प्रक्रियेबाहेर गेलेली असेल. ती जागा तिच्यापेक्षा कमी पर्सेंटाइल असलेल्या विद्यार्थ्याला मिळेल. गुणवत्तेने प्रवेश देण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेत अधिक गुणांच्या मुलीने मागे राहायचे, तेही आपली पसंती खरीखुरी लिहिली म्हणून, हे कोणत्या न्यायात बसते?

या पद्धतीचे मूळ तत्त्व चांगले आहे. गुणवत्ता यादीत विद्यार्थ्याचा क्रमांक आला की संगणक त्याची यादी वरून खाली तपासतो आणि पहिली उपलब्ध जागा देतो. अवघड महाविद्यालय सर्वात वर लिहिले म्हणून खालच्या पर्यायावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. ‘मिळणार नाही ते लिहून एक पसंती कशाला वाया घालवायची’ हा गावोगावी पसरलेला गैरसमज त्यामुळेच घातक आहे. सीओईपी किंवा व्हीजेटीआयच्या लायकीची किती तरी मुले या भीतीपोटी ती नावे लिहीतच नाहीत. हा गैरसमज दूर करणे कक्षाचे काम होते. उलट कक्षाने असा नियम आणला की आता खरे लिहिण्याचीच भीती वाटावी. शहाणी मुले पहिल्या सहा जागांवर कधीच न मिळणारी महाविद्यालये भरतील आणि खरी यादी सातव्या क्रमांकापासून सुरू करतील. ज्यांना हे सांगणारे कुणी नाही ती प्रामाणिकपणे लिहितील आणि अडकतील.

जागा अडवून ठेवल्या जातात, फेऱ्या लांबतात, वर्ग उशिरा सुरू होतात, असे या नियमाचे समर्थन केले जाते. तक्रार खरी आहे. पण आयआयटी-एनआयटीच्या ‘जोसा’ प्रक्रियेत मिळालेली जागा पक्की करायची, त्याच संस्थेत वरच्या शाखेची वाट पाहायची की अधिक पसंतीच्या संस्थेसाठीही थांबायचे, हे विद्यार्थी ठरवतो. देशभरच्या मुलांना ही मुभा देता येते, तर महाराष्ट्रातल्या मुलांना का नाही? आणि ज्या कक्षाला गणिताच्या प्रश्नपत्रिकेतले पर्यायच चुकल्याने 5 मे 2025 रोजी सुमारे 27 हजार विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा घ्यावी लागली, त्याने मुलांना यादीतल्या एका चुकीचीही सवलत देऊ नये?

यादी चुकते, कारण ती नीट करायला लागणारी माहितीच सरळ मिळत नाही. अर्जात 300 पर्यंत पर्याय भरता येतात. त्यासाठी मागच्या वर्षीचे कटऑफ पाहायचे, तर शेकडो पानांची पीडीएफ आणि तीत ‘जीओपीईएनएच’, ‘एलओबीसीओ’ असली अक्षरे. त्यातला पहिला ‘एल’ मुलींच्या जागांचा, शेवटचा ‘एच’ आपल्या विद्यापीठ क्षेत्राचा आणि ‘ओ’ बाहेरचा, हे नंदुरबारच्या शेतकरी बापाने कुठून ओळखायचे? शुल्क शोधायला शुल्क नियामक प्राधिकरणाचे संकेतस्थळ, शाखेला एनबीए मानांकन आहे का यासाठी आणखी एक. वसतिगृह मिळेल का, गेल्या वर्षी त्या शाखेतल्या किती मुलांना नोकरी लागली, याचे तपासलेले उत्तर एका ठिकाणी कुठेच नाही. शिक्षण शुल्कमाफीच्या ‘टीएफडब्ल्यूएस’ जागांसाठी तर वेगळा चॉइस कोड भरावा लागतो. तो भरला नाही, तर पात्र असूनही मुलगा त्या जागेच्या स्पर्धेत उतरतच नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरात ही एक ओळ चार वर्षांच्या शुल्काइतकी मोलाची असते.

ही पोकळी भरून काढली ती दुकानदारीने. यादी भरून देणारे ‘काउन्सेलर’ हजारो रुपये घेतात. पैसे नसलेल्यांची यादी सायबर कॅफेतला मुलगा भरतो, किंवा शेजारच्याची यादी जशीच्या तशी उतरवली जाते. त्यात आवड नसते, कल नसतो, घरापासूनचे अंतर नसते. असतो तो फक्त कॉम्प्युटरचा धोशा. एआयसीटीईने 2024-25 पासून शाखानिहाय जागांची कमाल मर्यादा काढून टाकल्यावर संगणकाच्या जागा फुगवण्याची चढाओढ लागली. स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीची मनापासून ओढ असलेल्या मुलाला घरातच वेड्यात काढले जाते. त्याच्या बाजूने बोलेल अशी अधिकृत माहिती त्याच्या हातात कुणी देत नाही.

अकरावीची कथा वेगळी नाही. 2025 मध्ये केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रथमच राज्यभर लागू झाले, 21 मे रोजी पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि वेळापत्रक पुढे ढकलावे लागले. तिथेही दहा पसंती आणि पहिली मिळाली की सक्ती. पंधरा वर्षांच्या मुलांना तरी आधी समजावून सांगायचे होते. शाळांना ते काम दिले असते, तर दहावीच्या प्रत्येक वर्गशिक्षकाने ते आनंदाने केले असते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतला ऑटो-फ्रीज रद्द करा. थांबायचे की पुढे जायचे, हे विद्यार्थ्याला ठरवू द्या. जोसाप्रमाणे प्रत्यक्ष वाटपाआधी सराव-वाटप दाखवा, म्हणजे चूक वेळीच कळेल आणि यादी दुरुस्त करता येईल. कटऑफ, शुल्क, मानांकन, वसतिगृह आणि टीएफडब्ल्यूएसचा कोड प्रत्येक महाविद्यालयासमोर एकाच पानावर मराठीत द्या. ही सगळी माहिती सरकारच्याच वेगवेगळ्या कार्यालयांत पडून आहे. पुढची प्रक्रिया सुरू होण्याआधी ती एकत्र करायला उच्च व तंत्रशिक्षण विभागाला नवा कायदा लागत नाही.