पेन्शन जाईल म्हणून

"सरकार पैसे देतं, मग हे लोक काम कशाला करतील?" असं अपंगांविषयी बोलताना सहज म्हटलं जातं. म्हणणारा बहुधा धडधाकट असतो, आणि सरकार देतं ते किती, याचा त्याला पत्ता नसतो. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजना २००९ साली सुरू झाली. ८० टक्के अपंगत्व हवं, घर दारिद्र्यरेषेखालचं हवं. मग केंद्राकडून महिन्याला मिळतात ३०० रुपये! राज्यं स्वतःची भर घालतात म्हणून निभतं. आमच्याकडे दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ फोंड्यात असतात. लहानपणी पोलिओ झाला, कुबड्या घेऊन चालतात. एकेकाळी त्यांचा एसटीडी बूथ होता. अपंगांना असे बूथ प्राधान्यानं मिळत, त्या दिवसांतली गोष्ट. मोबाईल आले आणि बूथ गेला. पुढे एका दुकानात हिशेब लिहायचं काम चालून आलं, तर घरच्यांनीच मोडता घातला. पगार कागदावर आला की पेन्शन बंद होणार, आणि उद्या दुकानदारानं घरी बसवलं तर? काहींना यात आळस दिसेल, मला चोख हिशेब दिसतो. पेन्शन लहान, पण हक्काची. पगार मोठा, पण बेभरवशाचा. शिवाय सुटलेली पेन्शन परत मिळवायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा कचेरीचे जिने. (जिने हा शब्द मुद्दामच लिहिला आहे.)

महाराष्ट्रात २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम १५०० वरून २५०० रुपये केली, हे चांगलंच झालं. पण अट पाहा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला साधारण ४१६६ रुपये, तेही सगळ्या घराचे. घरातल्या कुणी धड नोकरी धरली की मर्यादा ओलांडलीच. कागदोपत्री 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं, पण मदत मिळवायला निराधारच असावं लागतं.

मुळात गफलत इथंच आहे. ही मदत गरिबीची की अपंगत्वाची? अपंगत्वाचा खर्च पगार सुरू झाल्यावर कमी होत नाही, उलट वाढतो. घरी बसलेल्याला रिक्षा लागत नाही. कामावर जाणाऱ्याला रोज दोनदा लागते, कारण कदंब बसची पायरी चढणं त्याला जमत नाही. कुबडीची रबरं लवकर झिजतात. सोबतीला कुणी लागलं, तर त्याचीही मजुरी बुडते. म्हणजे खर्च वाढतो नेमका तेव्हाच मदत थांबते.

आणि हे सरकारला कळत नाही असंही नाही. केंद्र सरकार आपल्या अपंग कर्मचाऱ्यांना प्रवास भत्ता दुप्पट देतं. जुन्या कररचनेत अपंग करदात्याला ७५ हजारांची, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते, आणि तिथं पगाराला वरची मर्यादा नाही. थोडक्यात, चांगलं कमावणाऱ्याचं अपंगत्व पगारानंतरही मान्य. चार-पाच हजार कमावणाऱ्याचं मात्र पगाराबरोबर संपतं!

पैसा मर्यादित आहे, खोटे लाभार्थी घुसतात, हे आक्षेप मला मान्य आहेत. पण त्यासाठी कडेलोटच कशाला? अमेरिकेत एसएसआय या मदतीत कमाईचे पहिले ६५ डॉलर धरतच नाहीत, पुढे दर दोन डॉलर कमाईमागे मदत एक डॉलरनं घटते. (तिथली सगळीच तऱ्हा घेण्यासारखी नाही. एकट्या माणसाच्या बचतीची २००० डॉलरची मर्यादा १९८९ पासून हललेली नाही.) घटत जाणारी मदत आपल्यालाही जमण्यासारखी आहे. निदान नोकरीची पहिली दोन वर्षं पेन्शनला हात लावू नये, आणि काम सुटलं तर पुढच्याच महिन्यात नवा अर्ज न मागता ती पूर्ववत सुरू करावी. वैश्विक ओळखपत्रामुळे माणसाच्या अपंगत्वाची नोंद सरकारदरबारी आधीच असते. मग त्याला पुन्हा जिने का चढायला लावायचे, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.