आधी मोजा, मग बदला

मंडळी, आज जरा वेगळा विषय. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. बी.ए. झालो तेही मराठी माध्यमातून. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की प्रयोगशाळेला लागून असलेल्या वर्गात माझा तास असे, आणि तिथून येणारे वास सोसत मी समास शिकवत असे. तेव्हा मोटारीच्या चार्जिंगवर मी काही लिहावं याचं पुण्यातल्या पुतण्याला हसू येईल. येऊ दे. या विषयावरचं माझं मत मी पदरचे पैसे मोजून आणि एक रात्र रस्त्यात काढून बनवलेलं आहे.

आमची थोरली बहीण, म्हणजे आक्का, वेल्ह्याच्या पलीकडे एका वाडीत राहते. (२०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंजुरी दिली, पण आमच्या तोंडात वेल्हेच बसलंय. असो.) एका आषाढात रात्री नऊला तिचा फोन आला, छातीत दाटल्यासारखं होतंय. मी आणि सौ. भोरहून तसेच निघालो. कापूरहोळ, चेलाडी, नसरापूर करत पोचलो, आक्काला गाडीत घातलं आणि परत फिरलो. पाऊस म्हणजे असा, की वायपर थांबला तर समोरची काच आहे की भिंत ते कळू नये. विंझर मागे पडलं आणि हेडलाइट पिवळे झाले. मग वायपर रेंगाळू लागला. हॉर्न दाबला तर घसा बसल्यासारखा आवाज. दोन आचके दिले आणि गाडी बंद.

फोनला रेंज नाही. पाऊण तासाने मार्केट यार्डाला भाजी घेऊन निघालेला एक पिकअप आला. त्या भल्या माणसाने आक्काला आणि सौ.ला पुढे बसवलं. मी मागे मेथीच्या जुड्यांत, ताडपत्री डोक्यावर. आक्काचं दुखणं जिवावरचं नव्हतं, चार दिवसांत ती घरी आली. पण तो पाऊण तास मी विसरलेलो नाही. अंधारात ती दोनदा म्हणाली, "अरे, काही होत नाही मला." धीर ती मला देत होती, हे लक्षात ठेवा.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत नव्हेच. याच गाडीची बॅटरी त्याआधी नऊ महिन्यांत दोनदा बदलून झाली होती. एकदा दिवाळीत, एकदा चैत्रात. दोन्ही वेळा गाडी सुरू होईना. शेजारी म्हणाले, बॅटरी गेली. दुकानदाराने तपासून सांगितलं, बॅटरी गेली. मी म्हटलं, बरं. पैसे दिले आणि आलो.

तिसऱ्या खेपेला मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. शुद्धलेखनात त्याला मी पुष्कळ छळलेलं. पुढे आयटीआय करून मोटार मेकॅनिक झाला. तो आला, त्याने बॅटरीला हातही लावला नाही. मी विचारलं, "बॅटरीच ना रे?" तर म्हणाला, "सर, आधी मोजा, मग बोला." खिशातून छोटासा मीटर काढला आणि माझ्याच हातात दिला. म्हणाला, तुम्हीच बघा.

त्याने मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. बॅटरी म्हणजे आपलं भाटघर. येळवंडीवरचं हे धरण १९२८ साली पुरं झालं, ते भोरकरांना मी काय सांगणार! धरण स्वतः पाणी बनवत नाही, फक्त साठवतं. पाऊस पाडतो तो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र. फॅरेडेने १८३१ साली दाखवलं, की चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांजवळ हलवलं की वीज निर्माण होते. तेच तत्त्व आपल्या बॉनेटखाली गरगरत असतं. आता धरण तळाला गेलं तर आपण 'धरण बदला' म्हणतो का? आपण विचारतो, पाऊस झाला का? झाला, तर ओढा मध्ये कुठे अडला का? पाणी आलं, तर गळती कुठे आहे? आणि सगळं ठीक असेल तर शेवटी, धरणात गाळ किती साचलाय? गाडीला हेच चार प्रश्न विचारायचे असतात. आपण चौथा प्रश्न पहिला विचारतो, आणि उत्तर मिळालं की थांबतो.

लक्षात घ्या, दुकानदार खोटं बोलला नव्हता. बॅटरी खरोखरच गेलेली होती. बॅटरी अर्धवट भरलेली राहिली, वरचेवर तळाला गेली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर खर धरते आणि ती मरते. पण ती का मरते आहे, हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मोजायचं कसं, ते अगदी सोपं आहे. मीटर डीसी व्होल्टवर, वीसच्या खुणेवर ठेवायचा. लाल काडी बॅटरीच्या अधिकला, काळी उणेला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिलं माप घ्यायचं. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे धरण भरलेलं, १२.२ म्हणजे निम्मं, १२ च्या खाली म्हणजे तळ दिसू लागला. दुसऱ्याने सेल्फ मारताना काटा साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये. (मीटर आकडे दाखवतो, काटा नसतो, पण माझ्या तोंडात काटाच येतो.) मग इंजिन चालू ठेवून मोजायचं. साध्या गाडीत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर पाऊस पडतोय. १५ च्या वर गेलं तर अतिवृष्टी, तीही वाईट. तिने बॅटरीतलं पाणी आटतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि इथेच फसतात. माझ्या गाडीला इंजिन चालू असताना १३.६ आले. म्हणजे जेमतेम काठावर पास! त्याने मला हेडलाइट, ब्लोअर, वायपर, सगळं लावायला सांगितलं आणि गाडी थोडी रेस केली. आकडा घसरून १२.३ वर आला. म्हणजे दिवसा भोरच्या बाजारात जाऊन यायला गाडी धड, आणि पावसात, रात्री, जेव्हा तिची खरी गरज, तेव्हा ती साठवणीतलं खात होती. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र एकदाही लागला नव्हता. त्या दिव्यावर विसंबू नका. तो लागला तर तक्रार खरी, पण नाही लागला म्हणून सगळं आलबेल असं नाही.

मग त्याने सगळं चालू ठेवूनच काळी काडी बॅटरीच्या उणेला आणि लाल काडी अल्टरनेटरच्या अंगाला लावली. तिथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं, कारण दोन्ही टोकं एकच असल्यासारखी असतात. आले १.६! अल्टरनेटर बिचारा आपल्या परीने १३.९ देत होता, त्यातले १.६ वाटेतच गडप. इंजिनाला गाडीच्या अंगाशी जोडणारी अर्थची पट्टी हिरवी पडून कुजली होती. तीनशेच्या आतबाहेर खर्च आला. दोन बॅटऱ्या, एक भिजलेली रात्र आणि आक्काचा तो पाऊण तास, सगळं त्या वीतभर पट्टीपायी.

राहिली गळती. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म वगैरेंसाठी थोडी वीज जातेच, ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. पण डिकीतला पाच वॅटचा दिवा जरी चुकून चालू राहिला तरी तो सुमारे ०.४ अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ ची. करा गणित! साडेतीन दिवसांत खडखडाट. हे माप मात्र उणेची तार सोडवून मीटर मध्ये जोडून घ्यावं लागतं, गाडीतली यंत्रं निजायला वीस-तीस मिनिटं थांबावं लागतं, आणि मीटर तसा जोडलेला असताना सेल्फ मारला तर त्याचा फ्यूज उडतो. माझा एकदा उडाला आहे.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे अजून काही जुने लोक इंजिन चालू असताना बॅटरीची तार उपसतात. "गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला" हे त्यांचं निदान. पूर्वीच्या डायनामोच्या गाड्यांत ते खपून जात असेल. आजच्या गाडीत तार अशी काढली की क्षणभर विजेचा लोंढा उसळतो आणि अल्टरनेटरमधले डायोड किंवा इंजिनाचा संगणक जळू शकतो. कुणी तुमच्या गाडीवर हा प्रयोग करू लागला तर, कितीही वडीलधारा असो, हात धरा.

आणखी थोडी शिस्त. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळपास विडी-काडी नको. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवायचं. तार सोडवताना उणे आधी, जोडताना उणे शेवटी. उपरणं, सैल बाही, पदर फिरत्या पट्ट्यापासून लांब. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर, इंजिन बंद करून, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवायची, कोरडी करून व्हॅसलीन लावायचं. आमच्या या दमट मुलखात एवढ्यानेच निम्मी दुखणी टळतील असं मला वाटतं.

पुतण्याचं म्हणणं, "काका, या वयात बॉनेटमध्ये डोकं कशाला घालता? फोन करा, माणूस येतो." बरोबर आहे, पुण्यात येतो. आमच्या पाबे घाटात रात्री साडेदहाला फोनच लागत नाही, तर माणूस कुठून येणार? आणि मी काही मेकॅनिक व्हा म्हणत नाही. अल्टरनेटर उघडणं हे आपलं काम नव्हे. नव्या कित्येक गाड्यांत चार्जिंग संगणक ठरवतो, तिथे आकडा कमी-जास्त होतो आणि तोच बरोबर असतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी तारांना तर बोटही लावायचं नाही, तिथला दाब जीवघेणा असतो. हद्द कळणं हाही शिक्षणाचाच भाग.

पण घरात ताप मोजायला थर्मामीटर असतो, म्हणून आपण डॉक्टर होत नाही. आपण फक्त डॉक्टरांना सांगू शकतो, की काल रात्री एकशे दोन होता. तसंच "गाडी चालत नाही, बघा काय ते" असं म्हणणं वेगळं, आणि "लोड दिला की १२.३ वर येतंय, अर्थ तपासा" म्हणणं वेगळं. दुसऱ्या माणसाशी कारागीर वेगळं बोलतो. त्यात अविश्वास नाही, उलट त्याचंही काम सोपं होतं.

मला खरी टोचणी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. एवढी वर्षं वर्गात मीही हेच केलं. मुलगा गप्प बसला, ढ म्हटलं. डुलक्या घेऊ लागला, आळशी म्हटलं. तो सकाळी वाडीवरून डोंगर उतरून उपाशी येतो का, त्याला फळा दिसतो का, हे मोजून पाहिलं नाही. पट्टी भलतीकडेच कुजलेली, आणि मी दोष साठवणीला देत होतो. ज्याने मला मीटर हातात दिला, त्याच्याही प्रगतिपुस्तकावर माझ्या अक्षरात काय लिहिलं होतं ते मला आठवतं. त्यालाही आठवत असणार. तो बोलला नाही, मीही नाही.

असो. हल्ली नात्यात कुणी गाडी घेतली की मी तीन-चारशे रुपयांचा मीटर भेट देतो. पेढ्यांच्या खोक्याशेजारी तो जरा विचित्र दिसतो खरा. आक्काच्या नातवालाही दिला. त्याने परवा फोन करून सांगितलं, "आजोबा, सकाळी १२.६ होते, आणि सगळं लावून १४.१." त्या रात्री मला शांत झोप लागली.