रानमेव्याची कलमे आणि रानाचे भवितव्य

देशातील कुपोषणाची चर्चा बहुधा धान्यापाशी सुरू होते आणि धान्यापाशीच संपते. मात्र २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ६७ टक्के बालकांमध्ये आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी एकसुरी आहार हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत रोजच्या आहारात १०० ग्रॅम फळे असावीत, असे सुचविले आहे. सफरचंद वा डाळिंब विकत घेणे ज्यांना परवडत नाही, अशा कुटुंबांपर्यंत फळे पोहोचत आली ती मुख्यतः रानातूनच. आवळ्यात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते आणि हे जीवनसत्त्व धान्य-डाळींतील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्यभूत ठरते. त्यामुळे रानफळांवरील संशोधनाकडे केवळ फलोत्पादनाचा विषय म्हणून पाहता येणार नाही.

या संशोधनाने गेल्या काही दशकांत मोठी मजल मारली आहे. राजस्थानच्या वाळवंटी भागात बोराचे झाड उन्हाळ्यात पाने गाळून स्वस्थ राहते आणि त्याची मुळे खोल ओलाव्यापर्यंत जातात. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने या गुणाचा उपयोग करून रानबोरीच्या खुंटावर जागच्या जागी सुधारित जातीचा डोळा भरण्याची पद्धत रुजविली. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क फलोत्पादन संस्थेने त्याच प्रदेशातील खेजडीची ‘थार शोभा’ ही बिनकाट्यांची जात दिली. या झाडाच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, तेथील नित्याची भाजी आहे. याच संस्थेच्या गुजरातमधील गोध्रा केंद्राने जांभळाची ‘गोमा प्रियांका’ आणि बेलाची ‘गोमा यशी’ या कोरडवाहू जमिनीस मानवणाऱ्या जाती निवडल्या.

कोकणातील कोकमाचे उदाहरण अधिक बोलके आहे. या वृक्षात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून वाढविलेल्या रोपांपैकी जवळपास निम्मी नर निघतात आणि ते कळण्यास सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते. एवढा काळ जमीन अडकवून ठेवणे लहान शेतकऱ्यास शक्य नव्हते; म्हणून कोकम बहुतांशी परसात आणि रानातच राहिले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी जात निवडली आणि मृदुकाष्ठ कलमांची पद्धत बसविली, तेव्हा कोकमाची लागवड हा हिशेबात बसणारा व्यवहार झाला.

या यशाला दुसरी बाजूही आहे. कलम म्हणजे एकाच मातृवृक्षाची हुबेहूब प्रतिकृती. हजार कलमांची बाग दिसायला मोठी असली, तरी आनुवंशिक दृष्टीने ती एकच झाड असते. उत्तर प्रदेशातील कुमारगंज येथील आचार्य नरेंद्र देव कृषी विद्यापीठाने ‘नरेंद्र आवळा-७’ ही जात दिली, ती ‘फ्रान्सिस’ जातीच्या बियांपासून आपोआप उपजलेल्या रोपातून. मूळ जातीची फळे आतून काळी पडत. निवडलेले झाड या दोषापासून मुक्त निघाले. असा योगायोग घडतो तो बियांपासून वाढलेल्या विविध झाडांच्या गर्दीतच. ही गर्दी विरळ झाली, तर पुढील निवडीला वावच उरणार नाही.

गहू वा तांदळाचे वाण बियांच्या रूपाने शीतपेढीत वर्षानुवर्षे ठेवता येतात. जांभूळ आणि कोकम यांचे बी मात्र वाळविले की मरते. या फळांचा वारसा जिवंत झाडांच्या रूपानेच जपावा लागतो. संशोधन संस्थांच्या आवारातील संग्रह उपयुक्त असले, तरी तेथे सामावणारी झाडे मोजकीच असतात. रस्ता रुंद करताना किंवा गायरान मोकळे करताना तोडले जाणारे जुने जांभूळ म्हणजे या पेढीतील न भरून येणारी तूट होय.

प्रश्न माणसांचाही आहे. कोणत्या झाडाचे फळ गोड, कोणते लवकर पिकते, ही माहिती संशोधकांना बहुतेक वेळा रान धुंडाळणाऱ्या स्थानिकांकडूनच मिळते. त्यांपैकी अनेकांजवळ बाग लावण्याइतकी जमीन नसते. फळ रानातून बागेत आले की बाजारही बागेकडे वळतो आणि पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचा हंगाम आटतो. शिवाय बागेतील आवळा बहुधा प्रक्रिया उद्योगाकडे जातो. मुरंब्याच्या रूपाने तो परत येतो, तेव्हा फळाबरोबर साखरही पोटात जाते. पोषणासाठी झालेले संशोधन अशा रीतीने पोषणाची गरज असलेल्या घराला वळसा घालून जाऊ शकते.

यावरील उपायांचा कायदेशीर पाया उपलब्ध आहे. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याने वाण जपणाऱ्या समुदायांच्या लाभाचा वाटा मान्य केला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक समित्यांकडे लोकजैवविविधता नोंदवहीचे काम सोपविले आहे. तर २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना गौण वनोपजावर मालकी दिली आहे. गावातील उत्तम मातृवृक्षांची नोंद या वहीत झाल्यास आणि त्यांची काडी नेताना गावाचे श्रेय व वाटा ठरल्यास हे कायदे प्रत्यक्षात उतरतील. सुधारित कलमे खासगी बागांबरोबरच शाळा, अंगणवाड्या आणि सामूहिक वनहक्काच्या जमिनींवर लागली, तर भूमिहीन कुटुंबातील मुलालाही ते फळ हाताशी मिळेल.

रानफळांची कलमे तयार करण्याची विद्या आता देशाजवळ आहे. ज्या रानातून काडी आली ते रान आणि ज्या हातांनी ते झाड दाखविले ते हात टिकले, तरच या विद्येला पुढे काम राहील.